ध्रुवाकडे पोचलेल्या धुराचा उलटा माग कसा काढायचा

हे शिकायचं तर सुरुवात ऑगस्ट 2017 पासून करा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हाच सराव देते. कॅनडाच्या टोकाला 80.05 उत्तर, 86.42 पश्चिम इथं युरेका हे ठाणं आहे. 17 ते 22 ऑगस्टदरम्यान तिथल्या वर्णपटमापकाला, म्हणजे सूर्यप्रकाशावरून हवेतले वायू मोजणाऱ्या यंत्राला, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, इथेन आणि अमोनिया हे चारही वायू एकाच वेळी वाढलेले दिसले. ग्रीनलंडच्या थुलेलाही तेच. युरेकाच्या आसपास जळायला एक झाड नाही.

अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेचं हायस्प्लिट, म्हणजे हवा कुठून आली हे काढणारं मॉडेल, ब्राउजरमध्येच फुकट चालतं. युरेकाचे अक्षांश-रेखांश भरा, दिशा उलटी निवडा, 240 तास मागे जा. उंची मात्र एकच देऊ नका. 3, 5 आणि 8 किलोमीटर अशा तिन्ही द्या. ध्रुवाजवळ जमिनीलगत थंड, जड हवेचा घुमट असतो. दक्षिणेकडून येणारी उबदार हवा त्याच्या अंगावरून वर चढत येते, म्हणून दूरचा धूर बहुधा उंचावर सापडतो.

नकाशावर आलेली हवेच्या वाटेची रेघ बघून हुरळून जाऊ नका. तिच्यात कापलेल्या अंतराच्या साधारण 15 ते 30 टक्के चूक असते. 3000 किलोमीटरला ती 900 पर्यंत जाते. एन्सेम्बल (एकाच वाटेच्या अनेक आवृत्त्या) हा पर्याय निवडला की किंचित सरकवलेल्या 27 रेघा मिळतात. त्या एकत्र राहिल्या तर पुढे जा, विस्कटल्या तर तो दिवस सोडा.

आता नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर आगीचे ठिपके लावा आणि रेघ जिथून गेली तिथली, त्याच तारखेची आग शोधा. पहिली आग सापडली की थांबू नका. इथे ब्रिटिश कोलंबिया आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज, दोन्हीकडचे वणवे निघाले.

खरी परीक्षा उंचीची. आगीवरून रेघ 7 किलोमीटरवरून गेली आणि धूर 2 वरच थांबला, तर संबंध नाही. पण 12 ऑगस्टला ब्रिटिश कोलंबियात वणव्यांतूनच गडगडाटी ढग उभे राहिले आणि धूर सुमारे 12 किलोमीटरवर, थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या थरात, गेला. त्यातली काजळी उन्हानं तापत राहिली आणि दोन महिन्यांत तो धूर 23 किलोमीटरपर्यंत चढला. हे चढणं हायस्प्लिटला कळत नाही. त्याला फक्त वारा माहीत असतो. अशा धुरासाठी कॅलिप्सो उपग्रहाचे (तो 2023 मध्ये बंद झाला) त्या काळातले लेझर-छेद, म्हणजे धूर किती उंचीवर आहे हे दाखवणारे उभे काप, बघावेच लागतात.

शेवटी वायू ताडून पाहा. कार्बन मोनॉक्साइड गाड्या-कारखान्यांतूनही येतो, हायड्रोजन सायनाइड मुख्यतः जळत्या झाडोऱ्यातून. पहिला वाढला आणि दुसरा नाही, तर वणव्याचा हट्ट सोडा. अमोनिया हवेत फार टिकत नाही, म्हणून तो युरेकाला दिसणं ही मला सगळ्यात मोलाची खूण वाटते: धूर दाट होता आणि वेगानं आला.

हिवाळ्यात मात्र ही पद्धत चालणार नाही. वर्णपटमापकाला सूर्य लागतो, आणि युरेकाला तो ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीपर्यंत उगवतच नाही.