पिकअप घ्यावी की क्रॉसओव्हर? बुकिंगच्या आधी काय काय मोजून बघायचं

द्राक्षाचे नाहीतर कांद्याचे पैसे हातात आले की नाशिक, नगर, सांगलीकडे घराघरात हीच चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो ब्रेझा नाहीतर नेक्सॉनसारखी क्रॉसओव्हर, म्हणजे उंच बांध्याची कार घेऊ, घरचे आरामात बसतील, दुसरा म्हणतो बोलेरो कॅम्परसारखी पिकअप घे, माणसं पण जातील आणि माल पण जाईल. दोघांचंही बरोबर असतं म्हणून वाद मिटत नाही. दुकानदार, नर्सरीवाले, केटरिंगवाले, प्लंबिंगची कामं घेणारे, सगळ्यांचं हेच. माझं मत आधीच सांगतो, गाडी तुमच्या नेहमीच्या आठवड्याकडे बघून घ्या, वर्षातून दोनदा येणाऱ्या मोठ्या लोडकडे बघून नको, त्या लोडला छोटा हत्ती भाड्याने मिळतो आणि वर्षाचं ते भाडं नवीन गाडीच्या एका हप्त्याएवढंही बऱ्याचदा होत नाही.

पण नेहमीचा आठवडा म्हणजे नक्की किती माल हे आपण अंदाजाने सांगतो आणि तिथेच गडबड होते. म्हणून महिनाभर फक्त एवढं करा, जे जे वाहून नेलं ते मोबाईलमध्ये किलोत लिहून ठेवा. सिमेंटची गोणी ५० किलो, डीएपी खताची ५०, युरिया आता ४५ किलोच्या गोणीत येतो, टोमॅटोचं भरलेलं कॅरेट साधारण २० किलो, गॅसचं भरलेलं घरगुती सिलिंडर टाकीच्या वजनासकट ३० च्या आसपास. हजार लिटरची पाण्याची टाकी रिकामी दोघं उचलतात, तीच भरली की एक टन होते, फवारणीसाठी गाडीत भरलेली टाकी नेणाऱ्यांनी हे विसरू नका. महिन्याच्या शेवटी यादी बघितली की अर्धा निर्णय आपोआप होतो.

आता क्रॉसओव्हरचा हिशोब. गाडीचं एकूण मान्य वजन म्हणजे ग्रॉस वेट, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, जे उरतं ते तुमचं. हे आकडे मॅन्युअलमध्ये असतात, सेल्समनला विचारलं तर तो डिकीचे लिटर सांगायला लागतो, तरी पण वजनाचाच आकडा मागा. या साइझच्या गाड्यांत हे उरलेलं साधारण ४०० ते ४५० किलो भरतं आणि लक्षात घ्या की यात माणसं पण आली. पाच मोठी माणसं बसली की साडेतीनशे तिथेच गेले, मग डिकीत बॅगा तेवढ्या. उलट तुम्ही आणि सोबत एक जण, मागचं सीट पाडलेलं, तर अडीचशे-पावणेतीनशे किलो मिळतात, म्हणजे सिमेंटच्या पाच गोण्या. सहावी ठेवायला जागा असते पण वजन संपलेलं असतं. गाडी मागून बसते, हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात घुसतो, ब्रेक लांब लागतात.

डिकीचे लिटर वाचून फसू नका. नेक्सॉनची डिकी ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८, क्रेटाची ४३३, पण माल लिटरमध्ये नसतो, माल चौकोनी असतो. शोरूमला जाताना टेप आणि एक रिकामं कॅरेट घेऊन जा, खरंच जा, कोणी नाही म्हणत नाही. मागची दोन चाकं आतून जी फुगवटा करतात त्यांच्यामधलं अंतर मोजा, कारण खालच्या थरात कॅरेट शेजारी शेजारी दोन बसतात की एकच हे तिथे ठरतं. मग डिकीचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे ते बघा, मांडीच्या वर असेल तर ५० किलोची गोणी रोज चढवताना कंबर जाणार. सीट पाडून बघा, पाडल्यावर जमीन सपाट होते की मधे पायरी राहते, पायरी असेल तर रचलेला माल घाटात पुढे सरकतो. सीट ६०:४० मध्ये पडणारं असेल तर फार बरं, एक बाजू पाडून लांबट सामान आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस. सीएनजी घेणार असाल तर टाकी कुठे आहे ते आधी वाकून बघा, डिकीत मोठी आडवी टाकी असेल तर माल न्यायचा विचारच सोडा, नेक्सॉनच्या सीएनजीत दोन छोट्या टाक्या तळाला घालून डिकी ३२१ लिटर तरी ठेवलीय.

आणि टपावरच्या पट्ट्या. बऱ्याच गाड्यांत त्या नुसत्या दिसायला असतात, त्यावर माल बांधायचा नसतो, ज्यात चालतं त्यातही मर्यादा ५०-७५ किलोच्या आसपासच असते. २० फुटी पीव्हीसी पाइप टपावर बांधून नेणारे दिसतात, पण गाडीच चार मीटरची आणि पाइप सहा मीटरचा. पाइप, लोखंडी अँगल, ८ बाय ४ चं प्लायवूड ही क्रॉसओव्हरची कामंच नव्हेत.

पिकअपकडे या. इथे गोष्टी सरळ आहेत. बोलेरो कॅम्पर डबल केबिन, पाच माणसं आणि कागदावर एक टन. सिंगल केबिन बोलेरो मॅक्समध्ये दोन टनांपर्यंतची मॉडेल आहेत, मोठ्या मॉडेलचा हौदा ३०५० मिलिमीटर म्हणजे दहा फुटी. टाटा योद्धा २.० पण दोन टनांची. कॅम्परमध्ये मागची केबिन आली की हौदा तेवढा आखूड होतो, म्हणून लांब माल रोजचा असेल तर डबल केबिनच्या मोहात पडू नका. फायदा काय, तर फाळका पाडला की हमाल सरळ माल आत ढकलतो, शेणखत असो, औषधं असोत, संध्याकाळी पाइप लावून हौदा धुतला की झालं, क्रॉसओव्हरच्या कापडी छताला कीटकनाशकाचा वास बसला की तो महिने जात नाही आणि त्याच गाडीत तुमची लहान मुलं बसणार असतात. खताच्या गोण्या नेल्या तर हौदा त्याच दिवशी धुवा मात्र, सांडलेलं खत ओलं झालं की पत्रा खातं.

रोज चालवायला पिकअप कशी वाटते ते सांगतो. मागे पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग असतात, ते टनभर माल पेलायला बनवलेले, म्हणून रिकामी गाडी खड्ड्यात उडते, मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला दवाखान्यात नेताना हे जाणवतं. पावसात रिकामी असताना मागची चाकं हलकी पडतात, ओल्या रस्त्यावर वळणात जपून, शेतातल्या चिखलात तर जागेवर फिरतात, थोडा माल टाकला की पकड येते. नव्या व्यापारी पिकअप ताशी ८० च्या वर जात नाहीत, समृद्धीवरून घरच्यांना घेऊन जायचं असेल तर हे आधी समजून घ्या.

यापुढचं कागदाचं काम, आणि खरा फरक इथेच पडतो. व्यापारी पिकअपला पिवळी पाटी. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस तपासणी, नंतर दरवर्षी. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं, म्हणून मॉडेल निवडताना हा आकडा बघाच. लायसन्सची भीती बरेच जण घालतात, पण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, तेव्हा छोट्या पिकअपला ते चालतं. विमा महाग, २०२२ च्या दरपत्रकात हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी ३४१६ रुपये आणि ७५०० किलोपर्यंतच्या भाडं मारणाऱ्या मालगाडीचा १६०४९. ऑगस्ट २०२५ पासून आलेला वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला आहे, पिवळ्या पाटीला नाही.

दुसऱ्या बाजूने पिकअपला मोठा फायदा जीएसटीचा. तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर मालवाहू गाडीवर भरलेला जीएसटी क्रेडिट मिळतो, म्हणजे तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, कारवर मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्या १८ टक्क्यांत आल्या, चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या कारही १८ मध्ये, क्रेटासारखी चार मीटरच्या वरची कार मात्र ४० मध्ये. हार्डवेअरच्या दुकानदाराने हा हिशोब सीएकडून लिहून घेतल्याशिवाय बुकिंग करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण क्रेडिट धरलं की दोन गाड्यांच्या किमतीतलं अंतर एकदम बदलतं.

ओव्हरलोडबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माल बाजूने, मागे किंवा वर बाहेर आला तरी २०,०००. आणि हौद्यात माणसं बसवू नका. मजूर असोत, लग्नाचं वऱ्हाड असो, देवाला निघालेली गावची मंडळी असोत, हौद्याला ना सीट ना पट्टा, घाटात एक वळण चुकलं की माणसं फेकली जातात आणि मग विमा कंपनीही हात वर करते. माणसं न्यायची असतील तर जेवढी सीटं तेवढीच माणसं, आणि ती कमी पडत असतील तर पिकअप ही तुमची गाडीच नाही.

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या महागड्या पिकअपचं बरेच पोरं विचारतात. दिसायला जबरदस्त, फोर बाय फोर, रस्त्यावर साध्या पिकअपपेक्षा आरामात जाते. पण दोन्हींची लांबी ५.३ मीटरच्या आसपास आणि सोसायटीतली जागा बऱ्याचदा पाच मीटरची, जिथे लावणार ती जागा टेपने मोजा, वळायची जागा पण. शिवाय खासगी नोंदणीच्या अशा गाडीची कागदावरची भार क्षमता साध्या व्यापारी पिकअपपेक्षा बरीच कमी असते, तेव्हा मालासाठी म्हणून एवढे पैसे घालू नका, डोंगरात फिरायची आवड असेल तर वेगळी गोष्ट.

मग कोणी काय घ्यावं? आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी दोनशे किलोच्या आत माल आणि बाकी दिवस शाळा, दवाखाना, पाहुणे, तर डोळे झाकून क्रॉसओव्हर, डिकीत जाड ताडपत्री अंथरा, जड माल तळाला आणि सीटच्या पाठीला चिकटवून ठेवा, पट्ट्याने बांधा, आणि टायरमध्ये हवा दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी जी लिहिलीय ती भरा. आठवड्यात तीन-चार वेळा मार्केट यार्ड आणि दरवेळी पाचशे किलोच्या वर, तर सिंगल केबिन पिकअप घ्या आणि घरच्यांसाठी एखादी जुनी छोटी कार बघा, दोन्ही मिळून एका मोठ्या क्रॉसओव्हरच्या पैशात बसू शकतं. कॅम्पर त्यांच्यासाठी, ज्यांची माणसं आणि माल रोज एकत्रच निघतात, म्हणजे केटरिंगवाले, मंडपवाले, बोअरवेल-मोटार दुरुस्तीवाले.

टेस्ट ड्राइव्ह दोन्हीची घ्या आणि पिकअपची घेताना हौद्यात थोडा तरी माल मागा, घरच्यांना मागच्या सीटवर बसवून खराब रस्त्यावरून न्या, चकाचक हायवेवर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. जुनी पिकअप बघत असाल तर दिवसा उजेडात खाली झोपून चेसी बघा, मधे वेल्डिंगचे टाके दिसले तर तिथूनच परत फिरा, मागचे पाटे मोजा, कंपनीपेक्षा जास्त घातलेले असतील तर ती गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चाललीय, आणि हौद्याचं रबर उचलून त्याखालचा पत्रा बोटाने दाबून बघा.