गुन्ह्याची समाजशास्त्रीय कारणमीमांसा कशी करावी?
सिद्धान्तांची नावे पाठ करण्याआधी एक ठोस घटना समोर ठेवावी. समजा, १७ वर्षांच्या मुलाने मोबाइल चोरला. पहिला प्रश्न समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या १९३८ च्या मांडणीतून विचारावा: समाजाने ज्या यशाची ओढ लावली, तिथे पोहोचण्याचा सरळ मार्ग त्याला खुला होता का? तो हे कोणाच्या संगतीत शिकला, हे गुन्हा संगतीतून शिकला जातो असे मांडणारे एडविन सदरलँड यांच्या दृष्टीने पाहावे. घर-शाळेशी असलेल्या बंधांची तपासणी थोडक्यात उरकली तरी चालते.

खरा वेळ द्यावा तो चिकित्सक सिद्धान्तांना, म्हणजे गुन्हेगारापेक्षा समाजाला आणि कायद्याला प्रश्न विचारणाऱ्या सिद्धान्तांना, आणि विद्यार्थी नेमके इथेच घाई करतात. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये मांडले की ‘गुन्हेगार’ हा शिक्का समाज मारतो. असा शिक्का बसलेल्या मुलाला काम मिळेनासे झाले, की दुसरी चोरी जवळ येते. मार्क्सवादी अभ्यासक विचारतात, की मोबाइलचोर पकडला जातो, मग कामगारांचे वेतन बुडवणाऱ्या मालकाकडे कायदा इतक्या सौम्यपणे का पाहतो?

कोणत्या सिद्धान्ताने काय उलगडत नाही, तेही नोंदवावे. मर्टन यांच्या मांडणीतून श्रीमंताची अफरातफर सहज समजत नाही.