मराठीतून तंत्रज्ञान-पत्रकारिता आणि पॉडकास्ट : पुण्यातून सुरुवात कशी करावी

तंत्रज्ञानावर मराठीत लिहू-बोलू इच्छिणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा माइक कोणता घ्यावा, हा असतो. तो बाजूला ठेवून आधी रोरी केथलन-जोन्स या ब्रिटिश पत्रकाराची वाटचाल पाहावी. १९८१ मध्ये ते लीड्स येथे बीबीसीच्या प्रादेशिक वृत्तकार्यक्रमात संशोधक म्हणून रुजू झाले, पुढे अनेक वर्षे त्यांनी उद्योगजगताच्या बातम्या दिल्या आणि २००७ मध्ये ते तंत्रज्ञान प्रतिनिधी झाले. कंपनी पैसा कशातून मिळवते आणि कशात घालवते, हे ओळखण्याची सवय त्यांना तोवर लागलेली होती. आपणही हाच क्रम धरावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यामुळे पहिले काही महिने कागद वाचण्यात घालवावेत. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांचे तिमाही निकाल बाजारांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीचे सलग चार निकाल शेजारी ठेवून वाचले, तर प्रसिद्धिपत्रकात न लिहिलेले बरेच काही कळते. महापालिकेने बसवलेल्या कॅमेरा किंवा सिग्नल यंत्रणेविषयी लिहायचे असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याचे शुल्क १० रुपये असून उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता कंत्राटाची प्रत, देखभालीचा खर्च आणि बंद पडल्याच्या नोंदी असे नेमके मागावे.

पुण्यात विषयांना तोटा नाही. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ महासंगणक इथेच घडवला, पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ हा महासंगणक कार्यरत आहे आणि नारायणगावजवळ खोडदला ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. यांपैकी एकच क्षेत्र निवडून वर्षभर त्याचा पाठपुरावा करावा.

दावा तपासण्याची कसोटी मात्र स्वतःच्या भाषेतून काढावी. मराठी बोलणे ओळखणारे ॲप समोर आले, तर त्याला ‘पावणेदोनशे रुपये’, ‘सव्वातीन हजार’, ‘अडीच लाख’ असे आकडे सांगावेत, तेच आकडे वऱ्हाडी आणि मालवणी बोलणाऱ्यांकडून वदवून घ्यावेत आणि पडद्यावर काय उमटले ते जसेच्या तसे टिपावे. मग संस्थापकांना विचारावे : प्रणाली कोणाच्या आवाजावर शिकवली, ती किती वेळा चुकते, आणि चूक झाल्यास पैसे कोणाचे जातात? तिसऱ्या प्रश्नावर मुलाखत देणारा थांबला, तर आपणही थांबावे. घाईने पुढचा प्रश्न विचारून त्याची सुटका करू नये.

पॉडकास्टचा विचार यानंतर करावा. मे २०१९ मध्ये ५जी जाळ्यावरून थेट प्रक्षेपण करताना केथलन-जोन्स यांचा हात थरथरताना प्रेक्षकांना दिसला, तेव्हा आपल्याला पार्किन्सन्स (कंपवात) असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. २०२१ मध्ये बीबीसी सोडल्यावर, २०२३ पासून, तोच आजार असलेल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या एका पबमध्ये बसून ते त्यावर पॉडकास्ट करू लागले. विषयाशी सादरकर्त्यांचे असे घट्ट नाते असले, की श्रोता टिकतो.

ध्वनिमुद्रणासाठी मोठ्या स्टुडिओची गरज नाही. खिडक्या बंद करून, पंखा थांबवून, गाद्या आणि पडदे असलेल्या खोलीत बसावे आणि माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवावा. बोलणे सुरू होण्यापूर्वी खोलीची शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून घ्यावी. संकलन करताना दोन वाक्यांमधील सांधा तीच झाकते. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरेसे आहे.

मुलाखत देणाऱ्याची संमती त्याच्याच आवाजात मुद्रित करावी. मूळ, न कापलेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी, कारण ‘मी असे म्हणालोच नाही’ असा फोन आला, तर तीच उपयोगी पडते. आणि चूक आपलीच निघाली, तर दुरुस्ती पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच, स्पष्ट शब्दांत सांगावी.