'आय कुड लिव्ह इन होप' कसा ऐकावा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठी वसलेल्या डुलूथ या शहरात १९९३ साली 'लो' हा तिघांचा बँड उभा राहिला आणि १९९४ साली त्याचा 'आय कुड लिव्ह इन होप' हा पहिला अल्बम आला. गिटारच्या कर्कश गदारोळाची चलती असलेल्या त्या काळात या तिघांनी मुद्दाम आवाज खाली आणला आणि लय इतकी संथ ठेवली की दोन ठोक्यांमधले अंतर स्पष्ट जाणवावे. अशा संगीताला स्लोकोर म्हणतात. हा अल्बम ऐकताना पुढे काय घडणार याची वाट पाहत बसल्यास तो कंटाळवाणा वाटतो. ऐकायचे असते ते एक स्वर विरून दुसरा येईपर्यंतच्या त्या मोकळ्या जागेत काय उरते ते.

त्यासाठी सलग तासभर वेळ काढावा, कारण अल्बममध्ये ११ गाणी असून तो एका तासाला थोडा कमी आहे. गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारी शफलची सोय बंद करावी. निर्माता क्रेमर याने ध्वनिमुद्रणात घुमाऱ्याचा, म्हणजे स्वर थांबल्यावरही रेंगाळणाऱ्या प्रतिध्वनीचा, भरपूर वापर केला आहे, आणि त्या घुमाऱ्याचे शेपूट पंख्याच्या किंवा रहदारीच्या आवाजात सहज बुडते; म्हणून शांत खोली किंवा कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत.

आवाजाची पातळी ठरवणे हे यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. हळू भाग ऐकू यावा म्हणून आपण आवाज वाढवत जातो आणि पुढे गिटार चढली की दचकून कमी करतो. या वरखाली करण्यात अल्बमचा सगळा तोल बिघडतो. त्याऐवजी 'ललबाय' हे सुमारे १० मिनिटांचे गाणे आधी उघडावे, त्याच्या उत्तरार्धातला सर्वांत भरलेला भाग कानाला सुखाचा वाटेल इतका आवाज ठेवावा, आणि मग पहिल्या गाण्यापासून सुरुवात करून शेवटपर्यंत त्याला हात लावू नये.

पहिल्यांदा सगळे नुसते ऐकावे. दुसऱ्यांदा मात्र लक्ष फक्त मिमी पार्कर यांच्या तालवाद्यांवर ठेवावे. त्या उभ्या राहून वाजवत आणि त्यांच्यासमोर पूर्ण ड्रम संचाऐवजी मोजकीच वाद्ये असत. चामड्यावर ब्रश घासल्याची बारीक सरसर नीट ऐकली तर ठोका कुठे 'पडतो' यापेक्षा तो कसा 'ठेवला जातो' हे कळू लागते. माझ्या मते या अल्बमचे खरे दार तेच आहे. तिसऱ्या वेळी आवाजांकडे वळावे. पार्कर आणि गिटारवादक ॲलन स्पारहॉक हे पती-पत्नी होते, आणि त्यांचे स्वर एकमेकांवर कुरघोडी न करता शेजारी शेजारी चालतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पार्कर यांचे निधन झाले. 'ललबाय'मधला त्यांचा निष्कंप आवाज आता ऐकताना मन जड होते. त्या गाण्यात शब्द संपल्यावर गिटार, बास आणि ताल इतक्या सावकाश चढत जातात की चढ नेमका कुठे सुरू झाला हे शोधूनही सापडत नाही. तो एकदा तरी डोळे मिटून शोधून पाहावा.

शेवटचे 'सनशाइन' म्हणजे 'यू आर माय सनशाइन' या सर्वपरिचित गाण्याची संथ मांडणी आहे. ते मुलांचे आनंदी गाणे म्हणून ओळखले जात असले तरी त्याची कडवी विरहाची आहेत, आणि या लयीत ती पहिल्यांदा खरी ऐकू येतात.

यानंतर १९९५ चा 'लाँग डिव्हिजन' आणि मग २००१ चा 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' घ्यावा. २०१८ च्या 'डबल निगेटिव्ह'मध्ये हेच दोन आवाज यंत्रांच्या खरखरीत फाटून येतात, त्यामुळे ते मूळ रूपात कानात मुरेपर्यंत तो अल्बम राखून ठेवावा.