साथीदार लांडगा डोईजड होऊ न देता कसा खेळवावा

टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ चे नियम) चालू आहे, एक जण बीस्ट मास्टर रेंजर (साथीला प्राणी बाळगणारं पात्र) खेळतोय, आणि त्याच्या प्राण्यावरून कुरबुर सुरू झाली आहे. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) काय करावं ते क्रमाने सांगतो.

१. कुठले नियम लागू, ते पहिल्याच दिवशी ठरवा. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमधला लांडगा की २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन या पूरक पुस्तकातला ‘बीस्ट ऑफ द लँड’? दुसराच घ्या. दोन्हींची खिचडी करू नका. जुन्या लांडग्याचं पॅक टॅक्टिक्स (शत्रूजवळ साथीदार असला की मिळणारा फायदा) आणि नव्या प्राण्याचा बोनस ॲक्शनवरचा (पाळीतल्या एका छोट्या जादा कृतीवरचा) हुकूम एकत्र आले, की जवळपास प्रत्येक चाव्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो आणि मोल म्हणून फक्त बोनस ॲक्शन जाते.

२. प्राण्याचे आकडे वेगळ्या कार्डावर लिहून घ्या आणि लेव्हल वाढली की बदला.

३. आता खरी अडचण: प्राण्याची पाळी. “त्याला स्वतःचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) द्या, दर राउंडला फुकट हल्ला करू द्या, मजा येते” हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. आकडे मांडून बघा. तिसऱ्या लेव्हलचा, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ असलेला रेंजर लाँगबोने १डी८+३ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ३), म्हणजे सरासरी ७.५ इजा करतो. त्याच्या प्राण्याचा हल्ला १डी८+२ अधिक प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारी भर) २, म्हणजे ८.५. फुकट दिलेला हल्ला धन्याच्या बाणापेक्षा भारी! एका खेळाडूची इजा दुपटीहून पुढे जाते आणि शेजारी बसलेला फायटर (लढवय्या पात्राचा खेळाडू) नुसता बघत राहतो.

म्हणून हुकमाची किंमत वसूल करायचीच. प्राण्याने हल्ला करायचा तर रेंजरची बोनस ॲक्शन जाते. हुकूम नसेल तर प्राणी हिंडतो आणि फक्त डॉज करतो (हल्ले चुकवतो). हंटर्स मार्क (शत्रूवर खूण करणारा रेंजरचा मंत्र) लावायला किंवा दुसऱ्या शत्रूवर हलवायलाही तीच बोनस ॲक्शन लागते, दुसऱ्या हातातल्या तलवारीलाही तीच. सगळा समतोल या ओढाताणीवर उभा आहे. खेळाडू म्हणेल, “एवढ्या राउंडला दोन्ही चालू दे ना.” नाही म्हणा. एकदा सूट दिली की पुढच्या प्रत्येक लढाईत ती मागितली जाते. अटॅक ॲक्शनमधला (हल्ल्याच्या मुख्य कृतीतला) स्वतःचा एक हल्ला सोडून प्राण्याला करू देणं मात्र रास्त आहे, तिथे काहीतरी सोडावं लागतं. आणि रेंजर बेशुद्ध पडला तर प्राणी हुकमाशिवाय हवी ती ॲक्शन घेऊ शकतो. हे बरेच डीएम विसरतात आणि धन्याजवळचा प्राणी नेमक्या वेळी पुतळ्यासारखा उभा राहतो.

४. पाडापाडीचा क्रम शिकवा. प्राणी सरळ २० फूट धावून धडकला, तर १डी६ जादा इजा होते आणि स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीवर बचावाचा फासा) हुकला की शत्रू आडवा होतो. आडव्या शत्रूवर ५ फुटांच्या आतून हल्ला करणाऱ्याला ॲडव्हांटेज, पण लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा)! तेव्हा धनुर्धारी रेंजरने आधी बाण सोडावेत, मग प्राणी सोडावा. शत्रूच्या आधी फायटरची पाळी असेल तरच त्या पाडण्याचा उपयोग. नाहीतर शत्रू अर्धी चाल खर्चून उठतो.

५. प्राणी किती सोसतो ते तपासा. फायरबॉलची (आगीच्या गोळ्याच्या मंत्राची) सरासरी इजा २८. पाचव्या लेव्हलला जुन्या लांडग्याचे हिट पॉइंट (इजा सोसण्याचे गुण) २०, सेव्ह हुकला की संपला. बीस्ट ऑफ द लँडचे ५ अधिक लेव्हलची पाचपट, म्हणजे ३०. तो जेमतेम तगतो. नवा प्राणी घ्या म्हणतो त्यामागचं मोठं कारण हेच. मेला तर तासाभरात त्याला हात लावून, एक ॲक्शन आणि एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याची एक संधी) खर्चून परत आणता येतो. मिनिटभराने तो पूर्ण हिट पॉइंटांसह उठतो. त्यामुळे शत्रूंना प्राण्यावर हल्ला करायला लावताना बिचकू नका, पण मुद्दाम त्याच्याच मागे लागू नका.

६. बाकीचे खेळाडू २५ सोन्याच्या नाण्यांना मिळणारे मॅस्टिफ (मोठे कुत्रे) विकत घेऊ लागले, तर कुत्र्याला हुकूम द्यायला पूर्ण ॲक्शन लावा आणि त्याचे हिट पॉइंट ५ च ठेवा, लेव्हलप्रमाणे वाढवू नका.