ताज्या शेणखताने कांद्यात तण, माझा अनुभव

आमचं शेत निफाडकडं, उन्हाळ कांदा करतो. मागच्या वर्षी घाईत गोठ्यातून ताजं शेणखत आणून तसंच पसरवलं, वरून रोटर मारला आणि कांदा लावला. पंधरा दिवसांत घोळ आन काटेमाठ ही तणं अशी माजली की रोप शोधावं लागायचं, निंदणीच्या मजुरीतच अर्धा जीव गेला. बांधापलीकडं खत टाकलं नव्हतं तिथं मात्र तण कमी. तेव्हा डोक्यात शिरलं, गाय जे गवत खाते त्याचं बी पोटातून बऱ्यापैकी जिवंतच बाहेर येतं, वर ताज्या खतातला नत्र कांद्याआधी तणच खातं.

म्हणून यंदा खत आधी कुजवायला मे महिन्यातच ढीग लावला, ५ फूट रुंद, ४ फूट उंच, शेण आन पाचट थराथरानं. ओल एवढीच की मूठ दाबली तर लाडू व्हावा, पाणी गळू नये. चौथ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढली तर हातात धरवेना! आत ५५ ते ६० अंश काही दिवस टिकलं की बरंचसं बी मरतं, पण ढिगाची कड थंडच राहते, म्हणून कड आत घालत तीनदा उलटला (पाठ गेली, खोटं कशाला बोलू). पावसात वर ताडपत्री, नाहीतर वाऱ्यानं नवं बी येऊन पडतं.

जानेवारीत लागवड केली, एकाच निंदणीत भागलं. लव्हाळा मात्र तसाच आहे, तो जमिनीतल्या गाठींवर येतो, त्याला खताचा काय दोष.