खांद्यातील लॅब्रम फाटल्यास: दुखापत कशी ओळखावी आणि उपचार कसे ठरवावेत

शाळेच्या पुस्तकात खांद्याला 'उखळीचा सांधा' म्हटलेले असते. परंतु हे नाव खुब्याला जितके शोभते तितके खांद्याला शोभत नाही. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो, तर खांद्यात दंडाच्या हाडाचा मोठा गोळा पात्यावरच्या एका लहानशा, उथळ बशीला नुसता टेकलेला असतो. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत चमच्यावरचे लिंबू सांभाळावे, तसा काहीसा हा प्रकार आहे. या उथळपणामुळेच आपला हात डोक्यावर, पाठीमागे, हवा तिकडे फिरतो, आणि याच उथळपणामुळे मोठ्या सांध्यांपैकी खांदा सर्वांत जास्त वेळा निखळतो. या बशीच्या काठाने कूर्चेची एक चिवट, गोलाकार कड असते. तिला लॅब्रम म्हणतात. तिच्यामुळे बशीची खोली जवळजवळ दुप्पट होते, खांद्याचे अस्थिबंध तिला चिकटलेले असतात आणि वरच्या बाजूला बेटकुळीच्या स्नायूचा लांब कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) तिच्यातच मिसळतो. त्यामुळे 'लॅब्रम फाटला' एवढे सांगून भागत नाही. तो कोठे आणि कशाने फाटला, हे कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाहीत.

कड पुढून आणि खालून सुटली, तर तिला बँकार्ट दुखापत म्हणतात. बँकार्ट या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९२३ साली तिचे वर्णन केले. ही बहुधा खांदा पुढच्या बाजूला निखळल्यामुळे होते. कबड्डीत चढाई करून परतणाऱ्या खेळाडूचा हात मागून पकडला जाणे, दुचाकीवरून पडताना पसरलेल्या हातावर भार येणे, चालत्या गाडीचा दांडा धरताना हिसका बसणे, ही तिची नेहमीची कारणे. वरच्या बाजूची, म्हणजे बेटकुळीचा कंडरा जेथे जोडलेला असतो तेथील फाट 'स्लॅप' या नावाने ओळखली जाते. हे नाव अमेरिकेतील स्नायडर यांनी १९९० साली रूढ केले आणि तिचे चार प्रकार सांगितले. सीमारेषेवरून वर्षानुवर्षे चेंडू फेकणारे क्रिकेटपटू, भालाफेकपटू, स्मॅश मारणारे बॅडमिंटनपटू यांच्यात ती हळूहळू होते. जड वस्तू उचलताना अचानक झटका बसला तर एका क्षणातही होऊ शकते. मागच्या बाजूची फाट तुलनेने कमी आढळते, पण अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का बसल्यानंतर खांदा दुखत असेल, तर तिची आठवण ठेवावी.

लक्षणे दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेत वेदना प्रमुख असते: खांद्याच्या आत, बोट ठेवून दाखवता न येणारी खोल कळ, हात डोक्यावर नेताना अडकल्यासारखे वाटणे, कट् असा आवाज, फेकीतला जोर गेल्याची भावना. दुसऱ्या तऱ्हेत भीती प्रमुख असते: हात वर करून मागे नेला की खांदा आता निसटेल असे वाटते आणि माणूस नकळत हात आवरता घेतो. ही दुसरी तऱ्हा अधिक गंभीरपणे घ्यावी. नुसता आवाज येतो, दुखत मात्र नाही, असे असल्यास सहसा चिंतेचे कारण नसते.

चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असल्यास, खांदा आखडण्याचा विकार पुष्कळ जणांना होतो आणि त्याची लॅब्रमशी गल्लत होते. घरच्या घरी एक ढोबळ तपास करता येतो. कोपर काटकोनात वाकवून कुशीला टेकवावे, हाताला ढिले सोडावे आणि घरातील कोणाला तरी पंजा हळूच बाहेरच्या दिशेला वळवायला सांगावे. दुसऱ्याने वळवूनही हात थोड्याच अंतरावर अडत असेल, तर आखडलेल्या खांद्याची शक्यता जास्त असते. अर्थात ताज्या दुखापतीत, किंवा खांदा निसटण्याची भीती वाटत असेल तर, हा प्रयोग करू नये.

खांदा निखळला असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे तो कोणालाही ओढू देऊ नये, मग तो मैदानावरचा अनुभवी मित्र असो की गावातील हाडवैद्य. हाडाला चीर असल्यास ओढण्याने ती वाढते आणि शेजारच्या नसांना इजा होऊ शकते. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ओढणीच्या झोळीत आधाराला ठेवून रुग्णालय गाठावे. पंजा गार पडणे, बोटांना मुंग्या येणे, दंडाच्या बाहेरच्या भागावर बधिरपणा येणे यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. खांदा निखळलेला नसेल, नुसता दुखावला असेल, तर पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटे लावावा. तेल लावून जोरकस मालीश करण्याचा मोह टाळावा.

एक्स-रेमध्ये लॅब्रम दिसत नाही. तो हाडे पाहण्यासाठी काढतात. कूर्चा पाहण्यासाठी एमआरआय लागतो, आणि सांध्यात औषध टोचून मग एमआरआय काढला तर बारीक फाट अधिक स्पष्ट दिसते. वारंवार निखळणाऱ्या खांद्यात बशीचे हाड किती झिजले हे पाहण्यासाठी सीटी स्कॅनही सांगतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. वयाबरोबर लॅब्रम विरतो, जुन्या कापडाची किनार विरावी तसा, आणि ज्यांचा खांदा कधीच दुखला नाही अशा मध्यमवयीन व्यक्तींच्या एमआरआयमध्येही फाट वारंवार आढळते. म्हणून पन्नाशीच्या गृहस्थांनी अहवालातील 'टेअर' हा शब्द वाचून थेट शस्त्रक्रियेची तारीख घेणे मला घाईचे वाटते. अहवाल आणि डॉक्टरांनी हात फिरवून केलेली तपासणी, दोन्ही जुळली पाहिजेत.

वरच्या बाजूच्या फाटीबाबत सावध राहण्याचे आणखी एक कारण आहे. नॉर्वेमध्ये ११८ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे कंडऱ्याच्या मुळासह कड हाडापासून सुटलेली, स्लॅप दुखापत असलेल्या या रुग्णांपैकी काहींचा लॅब्रम शिवला, काहींचा बेटकुळीचा कंडरा दुसरीकडे बसवला, तर काहींच्या खांद्यात दुर्बीण घालून पाहिले, पण आत काहीच दुरुस्त केले नाही. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे अशा फाटीत आधी निदान तीन महिने नेटाने व्यायामोपचार घेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. विशीच्या आसपासच्या खेळाडूचा खांदा पुढे निखळून कड सुटली असेल, तर मात्र हिशेब उलटा होतो. या वयात तो पुन्हा निखळण्याची शक्यता फार मोठी असते आणि प्रत्येक वेळी हाड थोडे अधिक झिजते. तेव्हा शस्त्रक्रियेचा सल्ला लवकर घ्यावा.

व्यायामाचा हेतू फाट भरून काढणे हा नसतो. गोळा बशीच्या मधोमध धरून ठेवणाऱ्या रोटेटर कफच्या स्नायूंना आणि पाते सावरणाऱ्या स्नायूंना बळ देणे, हा त्याचा हेतू असतो. वेदना फार असताना ओट्याच्या कडेला चांगला हात टेकवून पुढे वाकावे आणि दुखरा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यावा. झोका कमरेच्या हालचालीतून यावा, खांद्यातून नव्हे. पुढे कळ ओसरली की दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून हात बाहेर वळवण्याचा व्यायाम सुरू करावा. त्या वेळी कोपर आणि कूस यांच्यामध्ये नॅपकिनची गुंडाळी धरावी. गुंडाळी खाली पडली, तर कोपर अंगापासून सुटले आणि चुकीचा स्नायू राबला असे समजावे. १० ते १५ आवर्तनांचे दोन-तीन संच पुरे होतात. पाती मागे ओढून धरणे आणि भिंतीवरचे जोर यांची भर नंतर घालावी. व्यायाम करताना थोडे ओढल्यासारखे वाटणे चालते. पण रात्री त्यामुळे झोपमोड होत असेल, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. वेदनाशामक गोळ्या काही दिवसांपुरत्याच, आणि मूत्रपिंडाचा किंवा पोटातील व्रणाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर ती बहुधा दुर्बिणीतून होते: हाडात छोटे अँकर, म्हणजे धागा जोडलेल्या खुंट्या, बसवून त्यांच्या धाग्यांनी कड पुन्हा बशीला बांधतात. हाड बरेच झिजले असेल, तर पात्याच्या पुढच्या टोकाचा तुकडा बशीच्या काठावर बसवण्याची लातार्जे शस्त्रक्रिया करतात. चाळिशीपुढे वरची फाट शिवल्यास खांदा आखडण्याचा धोका वाढतो, म्हणून त्या वयात कंडरा दुसरीकडे बसवण्याकडे अनेक शल्यचिकित्सकांचा कल असतो.

त्यानंतर साधारण ४ ते ६ आठवडे हात झोळीत राहतो, आणि रुग्णांची खरी पंचाईत या काळात होते. या दिवसांत समोरून बटणे असलेला सैल शर्ट घालावा. घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी चढवावी आणि काढताना तीच शेवटी उतरवावी. रात्री पाठीवर निजून कोपराखाली उशी घ्यावी, म्हणजे दंड मागे कलंडत नाही. बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल मात्र पहिल्या दिवसापासून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवावी. वजन घेऊन करायचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनी सुरू होतात. चेंडू फेकण्याचा सराव त्यानंतरच, तोही जवळच्या अंतरावरून आणि मोजक्या फेकींनी. कबड्डीसारख्या अंगलटीच्या खेळासाठी बहुधा सहा महिने थांबावे लागते, आणि सहा महिने भरले तरी दोन्ही खांद्यांची ताकद मोजून, हात वर आणि मागे नेताना पूर्वीची भीती उरलेली नाही याची खात्री करूनच मैदानात उतरावे.